मातीच्या भिंतींची पुरखौती

इतिहासाच्या शोधात छत्तीसगडात येणारा प्रवासी बहुधा प्रथम सिरपूरची वाट धरतो. रायपूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर, महानदीच्या तीरावर, विटांत घडविलेले लक्ष्मण मंदिर तेथे तेरा शतकांचे ऊनपाऊस सोशीत उभे आहे. महाशिवगुप्त बालार्जुन या राजाची माता वासटा हिने ते बांधविले. १९५३ पासूनच्या तीन-चार वर्षांत डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित या महाराष्ट्रीय पुरातत्त्वज्ञांनी सिरपूरच्या टेकाडांत उत्खनन केले आणि आनंदप्रभू नावाच्या भिक्षूचा विहार उजेडात आणला. देवाचे घर आणि भिक्षूंचे घर अशा रीतीने इतिहासाच्या हाती लागले. परंतु ज्यांनी त्या विटा थापल्या आणि भाजल्या, ज्यांच्या शेतातील तांदूळ विहाराच्या कोठारात जाऊन पडला, त्यांची घरे कोठे आहेत? ती मातीची होती, मातीस मिळाली, असे उत्तर आपण देतो आणि पुढे जातो.

हे उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. मातीचे घर पडते. परंतु ते बांधण्याची रीत पडत नाही. भिंत चार पावसाळ्यांत खचते, आणि ती पुन्हा उभी करणारा हात मात्र शेकडो वर्षे तोच राहतो. दगडाचा इतिहास पाहावयाचा असेल तर दगडाकडे जावे. मातीचा इतिहास पाहावयाचा असेल तर हाताकडे पाहावे लागते. रायपूरच्या परिसरात हे दोन्ही प्रकारचे इतिहास एका दिवसाच्या अंतरावर पाहावयास मिळतात.

रायपूर शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर, नव्या राजधानीच्या हद्दीत, उपरवारा नावाचे गाव आहे. तेथे ‘पुरखौती मुक्तांगण’ या नावाने एक विस्तीर्ण उघडे संग्रहालय उभारण्यात आले असून २००६ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पुरखे म्हणजे पूर्वज. पुरखौती म्हणजे त्यांच्याकडून चालत आलेला ठेवा. आपण ज्याला वडिलोपार्जित म्हणतो ते. छत्तीसगड हे राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. नव्या राज्याने आपली राजधानी आखताना शेजारीच आपल्या पूर्वजांच्या घरांसाठी जागा राखून ठेवावी, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

मुक्तांगणात शिरताच पंथी, राऊत नाचा यांसारख्या नृत्यांतील माणसाएवढ्या आकृती दिसतात. पुढे प्रसिद्ध देवालयांच्या प्रतिकृती आहेत. परंतु ज्या भागापाशी पाऊल खरोखर रेंगाळते तो भाग घरांचा. मातीच्या जाड भिंती, खाली उतरलेले छप्पर, कुडाचे कुंपण, गावदेवीची गुडी, मृतांच्या स्मरणार्थ उभारलेले स्तंभ आणि मुरिया गोंडांचा घोटुल असा सारा पसारा तेथे मांडलेला आहे. या विभागाचे नाव ‘आमचो बस्तर’. मराठी माणूस ती पाटी वाचतो आणि क्षणभर चकित होतो. ‘आमचो’ हा शब्द समजावून देण्यास त्याला दुभाष्या लागत नाही. ही बस्तरची हलबी बोली. ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांची पाहणी सिद्ध केली, तेव्हा या मिश्र बोलीचे वर्णन त्यांनी मराठीच्या खंडातच केले. कोकणातील माणसाच्या तोंडी शोभावा असा शब्द इंद्रावतीच्या खोऱ्यातील घरावर लिहिलेला आढळावा, यातच घरांचे आणि माणसांचे प्रवास किती दूरचे असतात हे कळून येते.

छत्तीसगडच्या मैदानी मुलखातील शेतकऱ्याचे घर कसे बांधले जाते हे पाहण्यासारखे आहे. येथील शेतकरी मातीला नावाने ओळखतो. काळी ती कन्हार, पिवळसर ती मटासी, दोहोंच्या मधली ती डोरसा आणि खडकाळ तांबडी ती भाटा. शेतीसाठी जशी जमिनीची पारख, तशीच घरासाठी मातीची पारख. निवडलेली माती भिजवून, तिच्यात भाताचा पेंढा घालून ती पायांनी तुडवितात. मग तिचा हातभर उंचीचा एक थर घालतात आणि तो वाळू देतात. वाळल्यावर त्यावर दुसरा. भिंत घाई सहन करीत नाही. तिच्या जाडीमुळे वैशाखातही घरात गारवा राहतो. वर लाकडी आढे, बांबूचे वासे आणि कुंभाराच्या हातची अर्धगोल कौले. या कौलांना खपरा आणि छपराला छानी म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर छानी उतरून, फुटका खपरा काढून ती पुन्हा रचावी लागते. कोकणात किंवा मावळात घर शाकारणे म्हणतात ते हेच काम.

घराच्या पुढे परछी. महाराष्ट्रातील ओसरीची ही सख्खी बहीण. आलागेला तेथे टेकतो, म्हातारी माणसे तेथे दोर वळीत बसतात. आत अंगण, अंगणात तुळशीचा चौरा, एका बाजूस गुरांचा कोठा, धान्याची कोठी, पायाने चालवावयाची ढेंकी. मागे बाडी, म्हणजे परसातील भाजीपाला. गावाच्या कडेला बियारा, म्हणजे खळे. दाराच्या वर धानाच्या लोंब्यांची विणलेली झालर टांगलेली असते. सुगीनंतर ती पाखरांसाठी लावावयाची असते. घराच्या शोभेत पाखरांचा वाटा धरणारी ही रीत एखाद्या वास्तुशास्त्राच्या ग्रंथात सापडणार नाही.

दिवाळीपूर्वी भिंतींना छुई मातीचा पांढरा हात दिला जातो. ज्या फडक्याने तो देतात त्याला पोतनी म्हणतात. आपल्या पोतेऱ्याशी तिचे नाते उघड आहे. मार्गशीर्षातील गुरुवारी येथील स्त्रिया जमीन सारवून, तांदळाच्या पिठीने चौक काढून आणि लक्ष्मीची पावले रेखून पूजा मांडतात. त्याच महिन्यात, त्याच वारी, महाराष्ट्रातील घरोघरही महालक्ष्मीचा घट बसतो. दोन प्रांतांच्या सीमा राज्यकर्त्यांनी आखल्या आहेत. सारवलेल्या भुईला त्या ठाऊक नाहीत.

या मुलखाशी मराठ्यांचा राजकीय संबंध १७४१ साली आला. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत ओरिसा-बंगालच्या स्वारीवर निघाले असता त्यांनी रतनपूर घेतले आणि कलचुरी राजांची सत्ता संपत आली. १७५८ मध्ये रघूजी भोसले यांचे पुत्र बिंबाजी रतनपुरास येऊन राहिले आणि १७८७ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, तेथेच राहिले. त्यांनी रतनपूरच्या टेकडीवर रामाचे देऊळ बांधले. ती टेकडी आजही रामटेकरी म्हणून ओळखली जाते. नागपूरजवळील रामटेक मागे सोडून आलेल्या माणसाने नव्या मुलखात आपल्यासाठी एक रामटेक उभे केले. दसऱ्याला सोने म्हणून पाने देण्याची चाल आणि दप्तरातील मोडी लिपीही त्याच काळात येथे रुळली, असे छत्तीसगडचे इतिहासकार सांगतात.

बिंबाजींच्या मागे सुभेदारांचा अंमल सुरू झाला. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यामागून कारकून, शिलेदार, भिक्षुक, सावकार अशी अनेक मराठी कुटुंबे या बाजूस आली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर इंग्रजांची देखरेख आली आणि १८१८ मध्ये कर्नल अ‍ॅग्न्यू यांनी कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले. मराठी वस्तीही रायपुरात वाढली. तात्यापारा हे मोहल्ल्याचे नाव त्या वस्तीची खूण आहे. ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० साली पेंड्रा येथून काढणारे आणि पुढे ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत आणणारे माधवराव सप्रे रायपुरातच वारले. त्यांचे सहकारी वामनराव लाखे यांचे नाव लाखेनगरने जपले आहे. १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ आजही तेथे नांदते आहे. दूरदेशी येऊन घर करणे म्हणजे काय, हे ज्यांना स्वानुभवाने कळले अशी ही माणसे होती. त्यांनी देवळे, शाळा आणि नियतकालिके उभारली. परंतु राहण्याचे घर बांधताना त्यांनाही येथलीच माती आणि येथलाच खपरा यांच्याशी जुळवून घ्यावे लागले. कारण घर हे माणसाच्या आठवणीपेक्षा पावसाचे अधिक ऐकते.

बिंबाजींच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७९५ मध्ये, कॅप्टन ब्लंट हा इंग्रज अधिकारी मार्गांची पाहणी करीत या प्रदेशातून गेला. त्याने रायपूरचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्याच्या अंदाजाप्रमाणे शहरात सुमारे ३,००० झोपड्या होत्या; ईशान्येस दगडी किल्ला होता, त्याचे तट ढासळत चालले होते, पण खंदक मात्र खोल आणि रुंद होता. या नोंदीत इतिहासाचा एक विलक्षण विनोद दडलेला आहे. प्रवाशाला किल्ला टिकाऊ वाटला असेल आणि झोपड्या क्षणभंगुर. परंतु आज रायपुरात त्या किल्ल्याचा तट दाखविता येत नाही, आणि त्या झोपड्या ज्या रीतीने बांधल्या जात त्या रीतीची घरे मात्र जिल्ह्यातील खेड्यांत अजून सापडतात. दगड कोणी तरी उचलून नेला. माती पुन्हा पुन्हा लिंपली गेली.

दगडी अवशेष जपण्याची विद्या रायपुरास जुनी आहे. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांनी १८७५ मध्ये येथे संग्रहालय स्थापिले. त्याची नवी वास्तू १९५३ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते खुली झाली, आणि सिरपूरच्या सुंदर कांस्यमूर्ती तेथे पाहावयास मिळतात. मूर्ती कपाटात ठेवली की ती सुरक्षित झाली. घराचे तसे नसते. घर कपाटात मावत नाही, आणि जे मावते ते घर राहत नाही.

ही अडचण जगभर अनेकांस जाणवली. स्वीडनमध्ये आर्टूर हाझेलियस यांनी १८९१ साली स्टॉकहोम येथे स्कान्सेन नावाचे उघडे संग्रहालय सुरू केले. खेड्यापाड्यांतील जुनी लाकडी घरे सुटी करून तेथे आणावयाची आणि पुन्हा जोडावयाची, ही त्यांची कल्पना. पुढे युरोप-अमेरिकेत तिचे अनुकरण झाले. लाकडी घर सुटे करता येते. तुळईवर खुणा घालाव्यात, गाडीत भरावे आणि नव्या जागी उभारावे. मातीची भिंत मात्र सुटी होत नाही. ती हलवावयाची म्हणजे पाडावयाची. म्हणून स्कान्सेनचा मार्ग छत्तीसगडच्या कामास येत नाही.

दुसरा मार्ग प्रतिकृतीचा. कोल्हापूरजवळ कणेरी येथे सिद्धगिरी मठाने उभारलेल्या ग्रामजीवन संग्रहालयात बारा बलुतेदारांचे गाव पुतळ्यांच्या रूपाने मांडले आहे. कुंभार चाकापाशी बसला आहे, न्हावी हजामत करतो आहे. शहरी मुलाला त्यातून पुष्कळ शिकावयास मिळते. परंतु तेथील कुंभाराचे चाक फिरत नाही.

तिसरा मार्ग भोपाळच्या राष्ट्रीय मानव संग्रहालयाने चोखाळला. १९७७ साली स्थापन झालेल्या या संस्थेने निरनिराळ्या जमातींच्या लोकांनाच बोलावून घेतले आणि त्यांच्याकडून त्यांच्या पद्धतीची घरे डोंगरउतारावर बांधून घेतली. घराची डागडुजी करावयाची वेळ आली की पुन्हा तीच माणसे येतात. येथे संग्रहालयाने भिंत विकत घेतली नाही. भिंत बांधणाऱ्याशी नाते जोडले. मुक्तांगणातील बस्तर विभागाचे मोलही याच कसोटीवर ठरते. बस्तरच्या कारागिरांचे हात जोवर तेथे येत-जात राहतील, तोवर ती घरे खरी. त्यांचे येणे थांबले, की पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत उरेल तो केवळ देखावा.

घोटुलाच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच ठळकपणे ध्यानात येते. मुरियांच्या गावात अविवाहित मुलामुलींनी संध्याकाळी जमावयाचे, गावे-नाचावे, कामे शिकावीत आणि गावच्या कार्यात राबावे, अशी ही संस्था. व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ साली तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. मुक्तांगणात घोटुलाची इमारत आहे. खांब, अंगण, कुंपण सारे आहे. नाहीत ती मुले. घोटुल म्हणजे छप्पर नव्हे, घोटुल म्हणजे संध्याकाळ. आणि संध्याकाळ कोणत्याही संग्रहालयास आणून ठेवता येत नाही.

हाताचा इतिहास म्हणजे काय, हे सरगुजा भागातील एका स्त्रीच्या आयुष्यातून समजते. पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार या पतीच्या घरी पुष्कळ वर्षे एकाकी जीवन जगल्या. बाहेर जाणे-येणे नव्हते. घराच्या मातीतून त्यांनी लहान मुलासाठी खेळणी केली. मग भिंतींवर पाखरे, माकडे, झाडे, नाचणाऱ्या बायका उठविल्या. उन्हाचा ताप घरात येऊ नये म्हणून बांबूच्या पट्ट्या वाकवून त्यांवर माती लिंपली आणि ओसरीला जाळ्या बसविल्या. रंग स्वयंपाकघरातून आले. सुगीनंतर घर नव्याने लिंपून सजविण्याची चाल रजवारांत होतीच. सोनाबाईंनी तिला आपले स्वतःचे जग दिले. १९८३ च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनातील जाणकारांची दृष्टी त्या घरावर पडली. पुढे मध्य प्रदेश शासनाने त्यांना तुलसी सन्मान दिला. २००७ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या माणसांनी ती कला पुढे चालविली. घर एकाचे राहिले, हात अनेकांचे झाले.

आता प्रश्नाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मातीच्या घराचे गुणगान करणारा बहुधा पक्क्या घरात राहत असतो. ज्याला त्या घरात राहावयाचे असते त्याला पावसाळ्यातील गळती, भिंतीतील उंदीर, त्यांच्यामागे येणारा साप आणि वाळवी यांच्याशी नित्य सामना करावा लागतो. भिंतीला पांढरा हात देणे, भुई सारवणे, शेण आणणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांच्या वाट्यास आली आणि त्यांची मजुरी कोणी मोजली नाही. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाद्वारे कच्च्या घरांच्या जागी पक्की घरे बांधण्यास साहाय्य मिळू लागले. खेड्यातील कुटुंबे ते आनंदाने स्वीकारतात, आणि तसे करण्याचा त्यांना पुरता अधिकार आहे. पूर्वजांचे घर जपले जावे म्हणून वंशजांनी गळक्या छपराखाली राहावे, असे म्हणण्याचा अधिकार प्रवाशास पोहोचत नाही.

शिवाय मुक्तांगण ज्या भूमीवर आहे तिचाही इतिहास आहे. नवी राजधानी ओसाड माळावर वसली नाही. अनेक गावांच्या जमिनी तिच्यासाठी घेण्यात आल्या, आणि मोबदला व पुनर्वसन यांसाठी तेथील शेतकऱ्यांनी २०२२ साली दीर्घकाळ धरणे धरले. खेडे कसे असते हे दाखविणारे संग्रहालय आणि आपल्या खेड्यासाठी भांडणारे लोक एकाच परिसरात असावेत, ही गोष्ट मन अस्वस्थ करते. परंतु ती अस्वस्थता टाळून या घरांकडे पाहणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्मृती राखणाऱ्या राज्यावर ज्यांची ती स्मृती आहे त्यांचे ऋण अधिक असते.

मग जपावयाचे काय? प्रत्येक कच्चे घर जपणे शक्य नाही, इष्टही नाही. जपावयाची ती विद्या. कोणती माती कोणत्या भिंतीस चालते, थर किती दिवस वाळू द्यावा, छप्पर किती खाली उतरवावे म्हणजे पावसाचे शिंतोडे भिंतीस लागत नाहीत आणि तरी परछीत उजेड राहतो, हे ज्ञान कागदावर फारसे नाही. ते हातात आहे. जो थर वाळू देण्याचे जाणतो असा माणूस, आणि बोटांनी मातीचा मोर उठविते अशी स्त्री, यांना मान आणि मोबदला मिळाला, त्यांच्या हाताखाली चार मुले शिकली, आणि नव्या पक्क्या घरालाही गारवा देणारी परछी लाभली, तर पुरखौती टिकली असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीत गावाच्या शिवाराला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणण्याचा जुना प्रघात आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत काळी-पांढरी हा जोडशब्द वारंवार भेटतो. पांढरी म्हणजे जेथे माणसे राहिली ती जमीन. पडलेल्या भिंती, चुलीतील राख, सारवणाचे थर पिढ्यान्‌पिढ्या साचून ती माती निराळ्या रंगाची होते. गाव आपल्याच पूर्वजांच्या भिंतींवर उभे असते. नव्या भिंतीस लागणारी मातीही पुष्कळदा त्याच पांढरीतून खणून घेतात. अशा मातीत पणजोबांचे घर आणि पणतूचे घर वेगळे काढून दाखविता येत नाही. सिरपूरच्या विटेवर कारागिराचे नाव नाही. छत्तीसगडच्या मातीच्या भिंतीवरही नाव नसते. मात्र नुकत्याच लिंपलेल्या भिंतीजवळ जाऊन पाहिले, तर तीवर पाच बोटांच्या ओळी स्पष्ट उमटलेल्या दिसतात.